जुनं पॉलिहाऊस पुन्हा लागवडीला आणायचंय, सुरुवात कुठून करू?

मातकट

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं बंद पडलेलं एक पॉलिहाऊस ताब्यात आलंय. साधारण ५०० चौरस मीटर, जीआय पाइपचा सांगाडा, कमानीचं छप्पर, दोन गाळे आणि मधे गटर. प्लास्टिकच्या चिंध्या लोंबताहेत, बाजूच्या जाळ्या फाटल्यात, आत छातीएवढं तण. ठिबकच्या नळ्या त्या तणाखाली कुठेतरी असाव्यात. आधी आत काय पिकवायचे हे नीट सांगणारं कोणी नाही. बहुतेक टोमॅटो आणि नंतर फुलं.

माझा बेत असा: तण काढायचं, नवी फिल्म टाकायची, भरपूर शेणखत घालून काकडी आणि ढोबळी मिरची लावायची. फिल्मचं कोटेशन मागवलंय. २०० मायक्रॉनची घ्यावी ना? विचारायचं एवढंच होतं, पण आणखी काही बघायला हवं असेल तर सांगा. उघड्यावरच्या शेतीचा अनुभव आहे, झाकलेल्या शेतीचा नाही.

लोखंडीचणे

कोटेशन राहू द्या बाजूला. २०० मायक्रॉन, यूव्ही स्टॅबिलाइज्ड, हे बरोबरच आहे, त्यात वाद नाही. पण फिल्म ही त्या घरातली सगळ्यात कमी टिकणारी वस्तू. तीन ते पाच वर्षांनी ती बदलायचीच असते. ज्या सांगाड्यावर ती ताणणार तो अजून तेवढी वर्षं उभा राहणार आहे का, हे आधी बघा.

प्रत्येक खांबाच्या बुडाशी माती वीतभर उकरा. पाइप वर चकचकीत दिसतो आणि माती-काँक्रीटच्या सीमेवर सडलेला असतो, कारण ओल आणि हवा दोन्ही तिथेच भेटतात. जाड स्क्रू ड्रायव्हर जोर लावून टोचा, हातोडीने वाजवा. टणक वाजलं तर ठीक, भद्द वाजलं तर आतून गेलाय. पांढरी भुकटी दिसली तर घाबरू नका, ते जस्त आहे. स्वतः झिजून लोखंडाला वाचवतंय. लाल गंज दिसला की जस्त संपलं असं समजा. वरवरचा असेल तर तारेच्या ब्रशने खरवडून जस्तयुक्त प्राइमर. पोखरला असेल तर रंगरंगोटीने भागणार नाही. तेवढा भाग कापून जोड घ्या, किंवा बाहेरून जाड पाइपची बाही चढवून दोन्ही टोकांना बोल्ट.

वेल्डिंग करायचं ठरलं तर जागेवरचं जस्त आधी घासून काढायचं आणि काम मोकळ्या हवेत करायचं. जस्ताच्या धुराने ताप भरतो, अंग मोडून येतं. वेल्डर लोकांना माहीत असतं, पण घाईत कोणी पाळत नाही.

आणि पाया. लोक विचारतात वजन पेलेल का? अहो, पॉलिहाऊसला वजन कुठे असतं! वारा त्याला खाली दाबत नाही, वर उपटतो. म्हणून खांब हलवून बघताना बाजूला ढकलून बघू नका फक्त, वर उचलूनही बघा. काँक्रीटच्या गोळ्यात खांब फिरत असेल तर तो पाया गेला.

हिरवागार

लोखंडीचणे यांच्याशी असहमत नाही, पण एवढं सगळं करत बसलं तर हंगाम हातचा जाईल. माझं मत: सांगाडा ढोबळमानाने उभा आहे ना? मग फिल्म टाका, पीक घ्या, त्यातून सुटणाऱ्या पैशात पुढची डागडुजी. परफेक्ट होण्याची वाट बघणारे कायम वाटच बघतात.

लोखंडीचणे

फिल्म चढल्यावर कमानीचे बोल्ट बदलणार कसे? वरून चढता येत नाही आणि आतून शिडी लावली की डोक्यावर पीक. एकदा झाकलं की वरच्या कामाला तीन-चार वर्षं हात लागत नाही, हा अनुभव नाही, साधा हिशेब आहे.

दोरी घ्या आणि प्रत्येक चौकटीचे कर्ण मोजा. दोन्ही कर्ण सारखे आले तर चौकट काटकोनात आहे. फरक दिसला तर बहुतेक वेळा तिरके आधार, म्हणजे क्रॉस ब्रेसिंग, कोणीतरी काढून नेलेलं असतं. बंद पडलेल्या पॉलिहाऊसमधून पहिली तीच गायब होतात, कारण ती सहज सुटतात आणि काढली तरी घर लगेच पडत नाही.

गांडूळमित्र

मातकट, तुमचं "भरपूर शेणखत" वाचून थांबलो.

उघड्या शेतात पाऊस दरवर्षी माती धुतो. झाकलेल्या घरात वर्षानुवर्षं ठिबकमधून विद्राव्य खतं दिली जातात आणि धुणारं काहीच नसतं. पाणी बाष्प होऊन जातं, क्षार तिथेच राहतात. अशा मातीत शेणखत ओतणं म्हणजे क्षारांत क्षार, शिवाय स्फुरद बहुधा आधीच उतू जात असतं. स्फुरद फार साचलं की जस्त आणि लोह पिकाला मिळेनासं होतं, पानं पिवळी पडतात, आणि माणूस आणखी खत टाकतो.

म्हणून आधी माती तपासा. पण नमुना घेताना एक गोष्ट. ठिबकखाली क्षार सारखे पसरलेले नसतात. नळीपाशी माती सतत धुतली जाते आणि ओलाव्याच्या कडेला, म्हणजे गादीवाफ्याच्या खांद्यावर, क्षार ढकलले जातात. मधला नमुना घेतलात तर अहवाल छान येईल आणि रोपाची मुळं खांद्यापर्यंत पोचली की ते जळेल. मधले नमुने वेगळे, खांद्याचे वेगळे, आणि ० ते १५ सेंटिमीटर व १५ ते ३० सेंटिमीटर असे दोन थर वेगळे. प्रयोगशाळेत ईसी, म्हणजे क्षार किती आहेत हे सांगणारी विद्युतवाहकता, संपृक्त अर्कात (माती पाण्याने पुरती भिजवून तिच्यातून काढलेल्या पाण्यात) मोजून मागा. माती-पाणी १:२ अशा मिश्रणात मोजलेला आकडा बराच कमी येतो, आणि पिकांची सहनशीलता सांगणारे तक्ते संपृक्त अर्काचे असतात. दोन्हींची गल्लत केली की खारट माती "उत्तम" ठरते.

ढोबळी मिरचीचं उत्पन्न ईसी १.५ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की घटायला लागतं, काकडी आणि टोमॅटोचं २.५ च्या वर. त्यापुढे दर एका एककाला मिरची सुमारे १४ टक्के घटते, काकडी १३, टोमॅटो १० च्या आसपास. म्हणजे ईसी ४ असलेल्या मातीत ढोबळी लावली तर एक तृतीयांशाहून जास्त उत्पन्न रोप लावण्याआधीच गेलं.

मातकट

बापरे. हे डोक्यातही नव्हतं. ईसी जास्त निघाली तर करायचं काय? जिप्सम?

गांडूळमित्र

जिप्सम सोडियमच्या मातीला. तुमचा प्रश्न बहुतेक साध्या विद्राव्य क्षारांचा असेल, त्याला एकच औषध: पाणी, आणि ते खाली निघून जायला वाट. वरच्या ३० सेंटिमीटर थरातले निम्मे क्षार घालवायला साधारण १५ सेंटिमीटर पाणी त्यातून खाली जावं लागतं. ३० सेंटिमीटर दिलं तर चार पंचमांश जातात, ६० दिलं तर नऊ दशांश.

५०० चौरस मीटरवर १५ सेंटिमीटर म्हणजे ७५,००० लिटर. ठिबकने हे होत नाही, ठिबक क्षार नुसते कडेला सरकवतं. तुषार लावा किंवा वाफे मोडून सपाट करून टप्प्याटप्प्याने पाणी साठवा, मधे मुरू द्या. आणि पाण्याचीच ईसी जास्त असेल तर धुण्याला अर्थ नाही, ती आधी मोजा.

आता मुद्दा. हे सगळं फुकटात करणारा एक जण आहे. पाऊस. तुमच्या घरावर आज छप्पर नाही ही अडचण नाही, ती संधी आहे! एक पावसाळा तसंच उघडं ठेवा. वाफे मोडा, खालचा कठीण थर असेल तर फोडा, बाहेर चर काढा आणि पडू दे पाऊस.

हिरवागार

म्हणजे हंगाम गेलाच. :)

विज्ञानवेडी

हिरवागार, एक हंगाम गेला तर गेला. खारट आणि रोगट मातीत लावलेलं पीक तसंही जातं, आणि बियाणं, मजुरी, खत वेगळं.

पण गांडूळमित्र, तुमच्या म्हणण्याला एक पुरवणी आहे, आणि ती थोडी उलटी जाते. क्षारांसाठी छप्पर नको हे मान्य. मात्र मातीतल्या रोगांसाठी आणि सूत्रकृमींसाठी, म्हणजे मुळांवर जगणाऱ्या सूक्ष्म कृमींसाठी, छप्पर हवंच. मातीचं सूर्यतापन बंद पॉलिहाऊसमध्ये जेवढं प्रभावी होतं तेवढं उघड्यावर होत नाही.

ही पद्धत इस्रायलमध्ये याकोव्ह कातान आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली मांडली. ओल्या मातीवर पारदर्शक पातळ पॉलिथिन घट्ट अंथरायचं आणि ऐन उन्हाळ्यात चार ते सहा आठवडे ठेवायचं. लोक काळं प्लास्टिक अंथरतात, ते चूक. काळं स्वतः तापतं, माती कमी तापते. पारदर्शकातून ऊन मातीपर्यंत पोचतं. जाडीही २५ ते ५० मायक्रॉनच हवी. माती आधी खोलवर भिजवायची, कारण उष्णता ओल्या मातीतून खाली उतरते आणि भिजलेले बीजाणू, अंडी कोरड्यांपेक्षा लवकर मरतात. वरून छपराची फिल्म आणि सगळे पडदे बंद, म्हणजे दोन थर झाले.

वाफे सूर्यतापनाच्या आधी बांधायचे. नंतर खोल खणलं तर खालची न तापलेली माती वर येते आणि केलेलं सगळं पाण्यात. ट्रायकोडर्मासारखी रोगांना आवरणारी उपयुक्त बुरशी वगैरे द्यायची ती नंतर. आधी दिली तर तीही मरेल.

त्यामुळे माझ्या मते क्रम असा लागतो: छप्पर नसताना माती धुणं आणि सांगाडा दुरुस्त करणं, मग फिल्म, मग बंद घरात सूर्यतापन, आणि मगच रोप. फिल्म पहिली नाही तशी शेवटचीही नाही.

लोखंडीचणे

हे पटलं. मी शेवटची म्हणत होतो, मागे घेतो.

फक्त बंद घरात एवढी उष्णता कोंडणार असाल तर आतले पीव्हीसी पाइप, सेन्सर, टायमर, मोटरची वायर, जे काढता येईल ते बाहेर काढा. पीव्हीसी त्या गरमीत वाकतं.

बोरूबहाद्दर

पूर्वी माती "मारायला" एक वायू सोडायचे, मिथाइल ब्रोमाइड. एका दिवसात सगळं साफ. ते कुठे मिळतं का अजून?

विज्ञानवेडी

नाही, आणि शोधूही नका. ओझोनच्या थराला घातक म्हणून मॉन्ट्रियल कराराखाली ते बंद झालं. विकसित देशांत २००५ पर्यंत, विकसनशील देशांत २०१५ पर्यंत. विलगीकरण आणि निर्यातीआधीच्या प्रक्रियेसारखे अपवाद सोडले तर आता शेतीत त्याला जागा नाही. शिवाय माणसालाही ते तेवढंच जीवघेणं. सूर्यतापनावर एवढं काम झालं त्यामागे या वायूला पर्याय हवा होता हे एक मोठं कारण आहे.

रोपवाली

मातकटदादा, सूत्रकृमी आहेत की नाहीत हे बघायला प्रयोगशाळेचीच गरज नाही. घराच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतून आणि मधून माती आणा, कुंड्यांत भरा, प्रत्येक कुंडीवर जागा लिहा आणि काकडीचं बी टाका. काकडी या किडीला फार लवकर बळी पडते. उबदार हवेत चार ते सहा आठवड्यांनी रोपं अलगद उपटून मुळं धुवा. मुळांवर गाठी दिसल्या की निदान झालं. नत्राच्या गाठी फक्त शेंगवर्गीयांना येतात आणि त्या मुळाला बाजूने चिकटलेल्या असतात, सहज खुडता येतात. सूत्रकृमीच्या गाठी म्हणजे मूळच सुजलेलं असतं.

सोबत एखाद्या कुंडीत घेवडाही लावा. कोणी आत तणनाशक मारून ठेवलं असेल तर घेवडा पानं वेडीवाकडी करून सांगतो. त्याला क्षारही सोसत नाहीत.

आणि ते छातीएवढं तण फुलोऱ्यावर यायच्या आत काढा हो. पांढरी माशी, कोळी, मावा, सगळ्यांची धर्मशाळा आहे ती. बाहेरही घराभोवती काही मीटरचा पट्टा तणमुक्त ठेवा. जुन्या टोमॅटोची वाळकी खोडं, सुतळ्या, क्लिपा मातीत न गाडता बाहेर काढा. टोबॅमोव्हायरस गटातले विषाणू वाळक्या अवशेषांत आणि सांगाड्यावरही खूप काळ तग धरतात.

काचमहाल

विषय जवळचा आहे म्हणून विचारतो. आमच्याकडे लाकडी चौकटीचं जुनं काचेचं हरितगृह आहे, छोटंसं, शोभेचंच म्हणा. रंग पोपडे धरून उडालाय, काचांची पुट्टी सुटली आहे. वरचं सगळं त्यालाही लागू पडतं का?

लोखंडीचणे

माती-पाण्याचं सगळं लागू. सांगाड्याचं वेगळं. सगळ्यात आधी, तो रंग कोरडा घासू नका. फार जुन्या रंगांत शिसं असतं आणि त्याची धूळ नाकातोंडात जाते, शिवाय खाली पडते ती तुमच्या भाजीच्या मातीतच. तपासणी करून घ्या. शिसं निघालं तर ओलं करून खरवडा, खाली कापड अंथरा, चांगला मास्क वापरा. कुठे सिमेंटसारखे जुने पत्रे किंवा पाइपवर जुनं वेष्टण असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्याला हातही न लावता माहीतगाराला बोलवा.

लाकूड कुजतं ते बहुतेक खालच्या आडव्या पट्टीत आणि सांध्यांत. चाकूचं टोक सहज आत गेलं तर तेवढा तुकडा बदला. काचा उतरवताना प्रत्येकीला क्रमांक द्या. जुन्या चौकटी कधीच काटकोनात नसतात, त्यामुळे एकीची काच दुसरीला बसत नाही.

विज्ञानवेडी

अवांतर: लंडनच्या क्यू उद्यानातलं टेम्परेट हाऊस पाच वर्षं बंद ठेवून दुरुस्त केलं आणि २०१८ मध्ये उघडलं. तिथेही आधी झाडं बाहेर काढली, मग लोखंडावरचा रंग मूळ धातूपर्यंत उतरवला, आणि १५,००० काचा बदलल्या. काचमहाल यांना धीर यावा म्हणून सांगितलं.

काचमहाल

धीर आला की गेला ते कळत नाही. :D पण शिशाचं डोक्यात नव्हतं, आभार.

सावली५०

हवेबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. जुनी पॉलिहाऊस बंद पडण्याचं एक मोठं कारण म्हणजे ती आतून भट्टी होतात. मातकट, तुमच्या छपराला वर खिडकी आहे का? गटरची उंची किती? नैसर्गिक वायुवीजनाच्या घरात छपरातल्या खिडक्यांचं क्षेत्र जमिनीच्या १५ ते २० टक्के आणि बाजूच्यांचंही तेवढंच असावं, असा संकेत आहे. गरम हवा वर चढते, तिला वरून वाट हवी. नुसत्या बाजू उघड्या ठेवून वारा पडलेल्या दिवशी काही होत नाही.

आता जाळी. पांढरी माशी अडवायला छिद्र ०.४६ मिलिमीटरपेक्षा लहान हवं, माव्याला ०.३४, फुलकिड्यांना ०.१९. छिद्र जेवढं लहान, हवा तेवढी कमी. फुलकिडे पूर्ण अडवणारी जाळी नैसर्गिक वायुवीजनाच्या घराला लावली तर किड्यांआधी रोपं गुदमरतील. तडजोड म्हणून बहुतेक जण ४० ते ५० मेश (एका इंचात तेवढी छिद्रं) लावतात. बारीकच हवी असेल तर जाळीचं क्षेत्र वाढवा: खिडकीवर सपाट न ताणता बाहेर पेटीसारखी चौकट काढून त्यावर लावा. जाळी महिन्या-दीड महिन्याने धुवायची, धुळीने अर्धी हवा तिथेच अडते.

उष्णता कमी करायला सावलीची जाळी छपराच्या बाहेर, फिल्मच्या वर थोडं अंतर ठेवून लावलेली सगळ्यात बरी. आत लावली तर ऊन आधी आत येतं, जाळी तापते, आणि ती उष्णता आतच राहते. मात्र ती सरकती ठेवा. फळभाज्यांत ढोबळ नियम असा की एक टक्का उजेड गेला की जवळपास एक टक्का उत्पन्न गेलं. कायमची ५० टक्के जाळी ताणून "फळ का धरत नाही" विचारणारे बघितलेत.

मातकट

छपराला वर खिडकी आहे, पण ती चिंध्यांनी बंद केलेली होती, त्यामुळे लक्षातच आलं नव्हतं. कर्ण मोजले. एका गाळ्यात फरक आहे आणि तिथले तिरके आधार खरोखरच नाहीत! खांबांची बुडं उकरतोय.

एक प्रश्न: काकडी वर बांधायला तारा सांगाड्यालाच लावू ना? जुने हुक आहेत.

लोखंडीचणे

आधी विचार करा. युरोपातल्या हरितगृहांच्या संरचना मानकात टोमॅटो-काकडीसारख्या लोंबत्या पिकाचा भार चौरस मीटरला १५ किलो धरतात. तुमच्या ५०० चौरस मीटरला साडेसात टन. फुलं पिकवायला उभारलेला सांगाडा असेल तर हा भार त्याच्या हिशेबात कधीच नव्हता, आणि आता त्यात गंजही धरा. पिकासाठी आत स्वतंत्र खांब रोवा, तारा त्यांना. टोकाच्या खांबांना बाहेरच्या बाजूने ताण द्या, नाहीतर भरल्या पिकात आत झुकतात.

बोरूबहाद्दर

ठिबकचं काय? जुन्या नळ्या ॲसिडने साफ होतात म्हणे.

गांडूळमित्र

मुख्य पाइप होतात, लॅटरलवर, म्हणजे ओळीतल्या बारीक नळ्यांवर, मात्र फार जीव लावू नका. टोकं उघडून जोरात पाणी सोडा, मग ठरावीक अंतरावर भांडी ठेवून ड्रिपरचं पाणी मोजा. फार तफावत आली तर नव्या नळ्या. पांढरे क्षार साचले असतील तर ॲसिड, शेवाळं-चिकटा असेल तर क्लोरीन. दोन्ही एकत्र कधीच नाही, लागोपाठही नाही. मधे पूर्ण धुवायचं. ॲसिड आणि ब्लीच भेटले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. आणि ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही.

गटर दुरुस्त करणारच आहात तर त्याचं पाणी साठवा. १० मिलिमीटर पाऊस पडला की ५०० चौरस मीटर छपरावरून ५,००० लिटरपर्यंत पाणी मिळतं, जवळजवळ क्षारविरहित.

मातकट

अहवाल आले. वाफ्यांच्या मधे ईसी १.८, खांद्यांवर ४.१ (संपृक्त अर्क, आवर्जून मागितला). पाण्याची ईसी ०.५. स्फुरद "अतिशय जास्त". रोपवालीताईंची कुंड्यांची परीक्षाही केली: गटराखालच्या पट्ट्यातल्या काकड्यांच्या मुळांवर भरपूर गाठी, बाकी ठिकाणी नाहीत. घेवडा सगळीकडे जेमतेम उगवला पण पानं सरळ.

म्हणजे शेणखत रद्द. पावसात उघडं ठेवतोय, वाफे मोडून झालेत. पुढचं पीक काकडीच ठेवू का?

रोपवाली

गाठी गटराखालीच आल्या त्याचं आश्चर्य नाही. गटर गळतं, तिथे माती कायम ओली, आणि तण सर्वांत दाट तिथेच असणार. सूत्रकृमींना वर्षभर यजमान मिळाला. त्या पट्ट्यातली माती अवजाराला, बुटाला लागून दुसरीकडे जाऊ देऊ नका. तिथलं काम नेहमी शेवटी करायचं, मग अवजार धुवायचं.

विज्ञानवेडी

इथे दोन अहवाल एकमेकांविरुद्ध जातात. क्षार सांगतात ढोबळी नको, काकडी चालेल. सूत्रकृमी सांगतात काकडी नकोच. धुणं नीट झालं तर क्षारांचा प्रश्न सुटेल, सूत्रकृमींचा तेवढा सुटणार नाही. सूर्यतापनाने वरच्या थरातले मरतात, खोलवर उतरलेले पुन्हा वर येतात.

मी तुमच्या जागी असते तर पहिलं पीक सूत्रकृमी-प्रतिकारक टोमॅटो घेतला असता, किंवा तसल्या खुंटावर कलम केलेला. क्षारसहनशीलता काकडीएवढीच. बियाण्याच्या पाकिटावर प्रतिकारक गुणांत सूत्रकृमीचा उल्लेख बघा. हा प्रतिकार देणारा एमआय जनुक मातीचं तापमान २८ अंशांच्या वर गेलं की ढिला पडतो, म्हणून ऐन उन्हाळ्यात लागवड नको आणि वाफ्यावर आच्छादन हवं. गटराखालच्या पट्ट्यात झेंडू किंवा मोहरी घेऊन जमिनीत गाडता येईल. काकडीची हौस असेल तर तिथे जमिनीवर जाड प्लास्टिक अंथरून कोकोपीटच्या पिशव्यांत लावा, पण पिशवीचं निचऱ्याचं पाणी बाहेर काढा आणि मुळं खाली मातीत उतरू देऊ नका. वाण बिनपरागीभवनाचा घ्या, जाळीतून मधमाशी येत नाही. टोमॅटोलाही आत वारा नसतो, फुलांचे झुपके सकाळी उन्हं आल्यावर हलवावे लागतात.

हिरवागार

मी सुरुवातीला "लावा आणि बघा" म्हणालो होतो, पण ४.१ हा आकडा बघून गप्प बसतो. पिशव्यांचं मात्र संपूर्ण घराला का नको? मातीची कटकटच मिटली.

गांडूळमित्र

मिटत नाही, बदलते. पिशवीतल्या पिकाला दिवसातून अनेक वेळा थोडं थोडं पाणी आणि मोजून खत लागतं, वीज गेली किंवा फिल्टर तुंबला तर काही तासांत रोपं माना टाकतात. मातीत दोन-तीन दिवस सवड मिळते. झाकलेल्या शेतीत नवख्या माणसाला ती सवड हवी. कोपऱ्यात थोड्या पिशव्यांवर हात बसू दे, मग बघू.

मातकट

ठरलं. टोमॅटो, आणि कोपऱ्यात काकडीच्या पिशव्या. आता पहिल्याच प्रश्नावर येतो, फिल्म. आणताना आणि लावताना काय बघू?

लोखंडीचणे

आता विचारलंत ते बरं.

फिल्म जिथे पाइपला टेकते तिथे पहिली फाटते, कारण पाइप उन्हात तापतो. कमानींची वरची बाजू पांढरी रंगवा, रंग पूर्ण सुकल्यावरच फिल्म टाका. धारदार बोल्ट, तारेची टोकं घासून घ्या किंवा जुन्या फिल्मच्या पट्ट्या गुंडाळा. फिल्म अडकवायची ॲल्युमिनियमची पट्टी (प्रोफाइल) वाकलेली नसेल तर जुनीच चालेल, तिच्यात फिल्म दाबून धरणाऱ्या झिगझॅग स्प्रिंग मात्र गंजलेल्या असतील तर नव्या. वारा नसलेली सकाळ निवडा, ना कडाक्याची थंडी ना भर दुपारचं ऊन. थंडीत ताणली तर उन्हाळ्यात सैल होऊन फडफडते, आणि फडफडणारी फिल्म फाटतेच.

गंधकाची धुरी किंवा फवारे भुरीवर चांगले, पण गंधक आणि क्लोरीन दोन्ही फिल्ममधल्या यूव्ही स्टॅबिलायझरला खातात. ब्लीचने सांगाडा निर्जंतुक करायचा असेल तर फिल्मच्या आधी, साबणाने धुऊन मग ब्लीच, आणि नंतर भरपूर पाणी. फिल्मच्या हमीच्या अटींत गंधकाचं प्रमाण लिहिलेलं असतं, ते वाचा.

मातकट

आतली बाजू बाहेरची बाजू असं काही असतं का? दुकानदार म्हणतो फरक नाही.

लोखंडीचणे

थेंब न धरणारी, म्हणजे अँटिड्रिप फिल्म असेल तर फरक असू शकतो. आतल्या बाजूने वाफेचं पाणी पातळ थर होऊन कडेला वाहून जायला हवं. उलटी लागली तर थेंब धरतात, पहाटे पानांवर टपकतात, आणि करप्याला आमंत्रण. रोलवर कुठली बाजू आत हे बहुधा छापलेलं असतं. छापलेलं नसेल तर दोन तुकडे कापा, दोन भांड्यांत गरम पाणी घ्या, एकावर एक बाजू खाली करून आणि दुसऱ्यावर दुसरी बाजू खाली करून ताणून बांधा. थोड्या वेळाने जो तुकडा आरपार दिसतो त्याची खालची बाजू आत. जो थेंबांनी धुरकट झाला ती बाजू बाहेर.

मार्करने रोलवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा आणि रोल उलगडणाऱ्या पोरांना ते स्वतः दाखवा. दुकानदाराला नंतर सांगितलं तरी चालेल.